खरवस, लीकचा झुणका आणि ब्रिजिडचं ताट

२४ जानेवारी २०२५ ला, शुक्रवारी, आयर्लंडवर ‘एओविन’ वादळ आलं. पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला आणि साऱ्या देशाला लाल इशारा होता. आम्ही पूर्वेकडे, किल्डेर परगण्यातल्या न्यूब्रिजला राहतो. आमच्याकडे त्या मानानं थोडक्यात निभावलं. कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या, कचऱ्याचा डबा तिसऱ्या घराच्या दारात सापडला. पण शेजारणीच्या मागच्या अंगणातलं सुरूसारखं उंच झाड मुळासकट उपटून थेट तिच्या स्वयंपाकघराच्या छपरावर पडलं.

शनिवारी सकाळी ती आमच्याकडे चहाला आली. छपराबद्दल दोन वाक्यं बोलली आणि मग म्हणाली, “पुढच्या शनिवारी माझ्याकडे अकरा माणसं जेवायला यायची आहेत. तुझं स्वयंपाकघर देशील?” मी म्हटलं, “देईन की.” तिनं कप खाली ठेवला. “मग काय करायचं तेही तूच ठरव. चौदा वर्षं मीच ठरवतेय. कंटाळा आलाय.”

आता हे जेवण म्हणजे साधं जेवण नव्हतं. माझी शेजारीण पेगन आहे. साठीच्या पुढची, निवृत्त, ठणठणीत बाई. (पेगन म्हणजे काय हे लेकीनं विचारलं तेव्हा मी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला. त्यात लिहिलं होतं ‘मूर्तिपूजक’. लेक म्हणाली, “म्हणजे आपण?”) ती आणि तिची मंडळी ख्रिस्ती धर्माच्या आधीचे इथले देव मानतात आणि वर्षातून आठ सण पाळतात. दोन अयनं, दोन विषुवं आणि त्यांच्या मधोमध पडणारे चार. आठांचं हे चक्र काही दोन हजार वर्षांचं नाही. ते या रूपात ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात बांधलं गेलं. हे मला तिनंच सांगितलं, न विचारता. पण त्यातले मधले चार सण मात्र जुन्या आयरिश साहित्यात नावानिशी सापडतात. १ फेब्रुवारीचा इंबोल्क हा त्यांतला एक.

आणि इंबोल्क म्हणजे इथे ब्रिजिडचा दिवस. ब्रिजिड संत आहे आणि देवीही. चर्चच्या हिशेबानं ती पाचव्या-सहाव्या शतकातली, किल्डेरला मठ स्थापणारी. जुन्या कोशाच्या हिशेबानं ती कवींची देवी, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची. दोघींतली कुठली खरी, यावर इथे माणसं फारशी भांडत नाहीत. शेजारणीच्या पंगतीला एक पक्की कॅथलिक आजी दरवर्षी येते आणि पहिला घास तीच काढून ठेवते. आम्हा जत्रा-उरूस बघत वाढलेल्यांना हे समजायला अवघड नाही. २०२३ पासून तर सरकारनंच ब्रिजिडच्या नावानं फेब्रुवारीतला पहिला सोमवार सुटीचा केला आहे.

आईला फोन केला. “कसला देव गं त्यांचा?” “देवी आहे. गाईगुरांची, दुधाची.” “मग कर की,” आई म्हणाली आणि विषय संपला.

विषय संपला तो तिच्यापुरता. मी रात्री लॅपटॉप घेऊन बसले. इंबोल्कला काय शिजवावं याच्या याद्या पुष्कळ आहेत आणि बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या. दुधाचे पदार्थ, बिया, मनुका, मसालेदार वाइन. आणि मग, मी डोळे चोळून पुन्हा वाचलं, ‘करी’! मागं मागं जात पोचले तर ऐंशीच्या दशकातल्या एका अमेरिकन पुस्तकात ते सापडलं: सूर्य परत येतोय म्हणून तिखट, झणझणीत खावं, कांदा, लसूण, लीक, मिरच्या घातलेलं सगळं चालेल आणि करी तर हवीच. अमेरिकेत बसून कुणीतरी आयरिश सणाच्या ताटात करी वाढली होती, आणि ती करायला आता खरोखरची मराठी बाई उभी होती. मी नवऱ्याला म्हटलं, आपलं काम सोपं झालं, छोले करून टाकू.

सकाळी शेजारणीला हे सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, “याद्या बाजूला ठेव. १ फेब्रुवारीला इथे खरंच काय असतं, एवढंच बघ.”

मी खरंच बघायला गेले. रविवारी भाजीवाल्याकडे वही घेऊन. इथलं, याच मातीतलं, याच आठवड्यातलं काय आहे? लीक होते, मनगटाएवढे. केल नावाचा पाला होता, थंडी खाऊन गोड झालेला. पार्सनिप, गाजर, स्वीड नावाचा पिवळट सलगम. शरदात काढून साठवलेले बटाटे, कांदे. साठवणीतली ब्रॅम्ली सफरचंदं, स्वयंपाकाची, आंबट. बस्स. टोमॅटो स्पेनचे, कोथिंबीर कुठलीशी, पातीचा कांदाही बाहेरचा. वहीचं अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

आणि दूध? दूध तर बारा महिने दिसतं. फ्रीजमध्ये ओळीनं बाटल्या. इथेच माझी गाडी अडली होती, आणि इथेच ती सुटली.

इंबोल्क या शब्दाचा अर्थ हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या आयरिश कोशात ‘मेंढीचं दूध’ असा दिला आहे. आजचे भाषातज्ज्ञ तो मान्य करत नाहीत, ते ‘पोटात’ असा अर्थ लावतात, म्हणजे मेंढ्या गाभण. दोन्ही अर्थ एकाच गोष्टीकडे जातात. मेंढ्या विणार, दूध येणार. पण दूध येणार ही बातमी कुणासाठी असते? ज्याच्याकडे ते नव्हतं त्याच्यासाठी. आणि हे मला पुस्तकातून नाही, इस्लामपूरजवळच्या आजोळामुळे कळलं. आमच्या आजोळी एक गाय आणि एक म्हैस. गाय आटली की घरात काळा चहा सुरू व्हायचा. आजी दूध विकत घ्यायची नाही, तो तिच्या मानाचा प्रश्न होता. मग कधीतरी पहाटे गोठ्यात कंदील हलायचा, आणि दोन दिवसांनी आळीतल्या प्रत्येक घरी खरवसाची वाटी जायची. ‘अमक्यांची गाय व्याली’ हे सांगायला कुणाला तोंड उघडावं लागत नसे. वाटीच सांगायची.

इथेही तसंच होतं. आयर्लंडमध्ये आजही बहुतेक गोठ्यांतल्या गाई जानेवारीच्या अखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत वितात, कारण गवत वाढायला लागतं तेव्हा दूध हवं. हिवाळ्यात दूध जवळजवळ थांबतं आणि मेमध्ये पूर येतो. बटाटा आयर्लंडात यायच्या आधी इथलं सामान्य माणसाचं जेवण म्हणजे ओट, बार्ली आणि ‘पांढरं अन्न’: दूध, लोणी, ताक, दही, चीज. ते हिवाळ्यात आटायचं. फेब्रुवारीत पहिली धार पडली की सण. यादीतल्या चीजकेकनं हे कसं सांगायचं?

म्हणून ताटातला पहिला पदार्थ ठरला: खरवस. बाकी सगळं त्याच्या भोवती.

ठरवणं सोपं, मग माणसं मोजायला बसले. अकरा पाहुणे आणि आम्ही तिघं. त्यांत दोघं व्हीगन, म्हणजे दूध-लोणीसुद्धा न खाणारे. एका बाईंना सीलिॲक, म्हणजे गव्हाचा, बार्लीचा कणही चालत नाही. कॅथलिक आजींना तिखट चालत नाही. तीन मुलं, त्यांना काहीच चालत नाही.

दुधाच्या सणाला व्हीगन पाहुणे! मी शेजारणीला विचारलं, हे लोक चौदा वर्षं काय खात होते? ती म्हणाली, “कुरकुर.” त्यांतला एक पंचविशीचा मुलगा आहे, झाडांचं काम करतो, त्या आठवड्यात दिवसाचे चौदा तास रस्त्यांवरची पडलेली झाडं कापत होता. त्याला मी सरळच फोन केला. तो म्हणाला, “तुम्ही दुधाचं करा, माझी हरकत नाही. फक्त मला ओट मिल्कचा पेला देऊन कोपऱ्यात बसवू नका. आणि वासराचं काय होतं ते कुणीतरी एकदा बोला, एवढंच.” त्याचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. त्याकडे पुढे येते.

व्हीगनांसाठी आणि सीलिॲकवाल्या बाईंसाठी एकाच दगडात जमणारं असं काय, हा विचार करत लीक चिरत होते (रोजच्या सूपसाठी), आणि चिरता चिरता लक्षात आलं की हा तर पातीचा कांदाच आहे, जरा जास्त शिकलेला. झुणका! बेसनात गहू नाही, दूध नाही. लीक इथलाच, हंगामातला. रंग पिवळाधमक, सूर्याचा म्हणा हवं तर. सोबत ज्वारीची भाकरी. त्या रात्रीच करून पाहिला. लीकला पातीपेक्षा पाणी जास्त सुटतं, म्हणून आधी मोठ्या आचेवर परतून पाणी आटवायचं आणि मग बेसन भुरभुरायचं. नाहीतर झुणक्याचं पिठलं होतं. पहिल्यांदा पिठलंच झालं. नवऱ्यानं तेही संपवलं.

मग आली हिंगाची गोष्ट. सीलिॲकवाल्या बाईंना मी अभिमानानं यादी वाचून दाखवली: बेसन, लीक, तेल, मोहरी, हळद, तिखट, हिंग. “हिंग म्हणजे?” मी डबी आणली, उलटी करून वाचली. घटक पहिला: गव्हाचं पीठ. वीस वर्षं मी ही डबी वापरतेय! बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, डिंकाचा उग्रपणा उतरवायला त्यात पीठ मिसळलेलं असतं. फोडणीत चिमूटभर टाकताना आपल्याला ते गावीही नसतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण मला डब्लिनपर्यंत जायला वेळ नव्हता. झुणका बिनहिंगाचा ठरला. बेसन आणि ज्वारीचं पीठही सुटं नाही, ‘ग्लुटेन फ्री’ छापलेलं पाकीटबंद आणलं, आणि माझा जुना पोळपाट त्या आठवड्यापुरता माळ्यावर गेला. त्याच्या फटींत दहा वर्षांची कणीक असणार. भाकरी थापायला नवी परात.

आमचं एकच भांडण झालं ते जुनं-नवं यावरून. पंगतीतल्या एका गृहस्थांनी निरोप पाठवला की मेन्यू ‘अस्सल केल्टिक’ असावा: सोडा ब्रेड, कोलकॅनन वगैरे. मला राहवलं नाही. सोडा ब्रेडचा सोडा आयर्लंडात आला १८३० च्या दशकाच्या सुमारास. कोलकॅननमधला बटाटा सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा. बार्मब्रॅक ब्रेडमधल्या मनुका तर बोटीतून आलेल्या. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली म्हणून आपण तिला परकी म्हणतो का? ब्रिजिडच्या आदल्या रात्री इथल्या घरांतून लोणी घातलेले कुसकरलेले बटाटे, सफरचंदाचा केक, ब्रॅक असं जेवण असायचं, हे लोकांनी सांगून ठेवलेलं आहे. तेवढं जुनं मला पुरेसं. मी गृहस्थांना कळवलं, कोलकॅनन होईल, पण केल्टिक म्हणून नाही, चविष्ट म्हणून. शेजारीण म्हणाली, “हे मी चौदा वर्षं म्हणायला हवं होतं.”

कोलकॅनन म्हणजे बटाट्याचं भरीतच, केल घालून. मध्ये खळगा करून त्यात लोणी सोडायचं. दोन पातेली करायची ठरवली. एकात लोणी, दुसऱ्यात इथलंच मोहरीच्या जातीचं रेपसीड तेल. कुणीतरी कोकराचा रस्सा सुचवला. तो मात्र शेजारणीनंच हाणून पाडला. कोकरं जन्मताहेत म्हणून सण, आणि पातेल्यात कोकरू? किल्डेरला जाताना कर्राचं मोठं गवताळ मैदान लागतं, ब्रिजिडनं अंगावरचा झगा पसरून मिळवलं म्हणतात ते. तिथे मेंढ्या रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. लेक गाडीतून त्यांची पोटं मोजते. तिच्यासमोर मला तो रस्सा वाढायचा नव्हताच. श्रीखंडही बाद केलं. मेंढीच्या दुधाचं दही मिळतं इथे, दाट, गाईच्या दुधाच्या दीडपट स्निग्ध. त्याचा चक्का काय सुरेख झाला असता. पण खरवस असताना दुसरं गोड म्हणजे नवरीशेजारी नटून बसलेली करवली.

लोण्याला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि त्यातच सगळ्यात जास्त मजा आली. ब्रिजिडच्या गोष्टींत लोणी सारखं येतं. ती मुलगी असताना लोणी गोरगरिबांना वाटून टाकायची आणि मोजायच्या वेळी हंडा पुन्हा भरलेला असायचा. तेव्हा लोणी विकतचं नको, घुसळू, असं ठरलं. शेजारणीची पद्धत: दुकानातलं क्रीम बरणीत घालून मुलांच्या हाती द्यायचं, वीस मिनिटं हलवा. लोणी येतं. पण खाली उरतं ते पांचट पांढरं पाणी, ताक नव्हे. ती दरवर्षी ते सोडा ब्रेडमध्ये घालायची आणि ब्रेड विटेसारखा व्हायचा, असं तिनंच कबूल केलं. होणारच. सोड्याला आंबट हवं, तरच तो फुगतो. गोड्या क्रीमच्या पाण्यात आंबटपणा कुठला?

मी म्हटलं, आमच्याकडे सायीला विरजण लावतात. बुधवारी रात्री दोन लिटर क्रीम कोमट करून त्यात चार चमचे दही कालवलं आणि बॉयलरच्या कपाटात, जिथे टॉवेल वाळतात, तिथे ठेवून दिलं. थंडीत दही तिथेच लागतं, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत दाट, आंबूस साय. रात्रभर फ्रीजमध्ये. शुक्रवारी दुपारी घुसळायला घेतली, रवी नाही म्हणून हँड मिक्सरनं, शेवटी लाकडी चमच्यानं. लोण्याचा गोळा तरंगला आणि खाली ताक, खरं ताक. शेजारणीनं पेला तोंडाला लावला आणि थांबली. म्हणाली, तिच्या आजीकडे याच वासाचं ताक असायचं, आजी आदल्या दिवशीची साय मातीच्या भांड्यात आंबवायची. इथेही पूर्वी विरजलेल्या सायीचंच लोणी काढायचे. आम्ही दोघी ते ताक पीत उभ्या राहिलो आणि बाहेर तिच्या छपरावर निळी ताडपत्री फडफडत होती.

त्या ताकाचा सोडा ब्रेड फुगला. उरलेल्या ताकाची कढी ठरली, आलं-लसूण लावून, आजींच्या वाटणीला बिनमिरचीची. तर अशी शेवटी अमेरिकन पुस्तकातली करी पंगतीला आलीच. कढी, करी, काय फरक पडतो!

आता चीक.

चीक दुकानात मिळत नाही. शेजारणीच्या चुलतभावाचा गोठा आहे, आठ किलोमीटरवर. त्याच्याकडे गेलो तेव्हा जानेवारी संपत आला होता आणि त्याच्या तीन गाई व्याल्या होत्या. मी काय मागतेय हे कळायला त्याला मिनिटभर लागलं. “बीस्टिंग्ज?” तो म्हणाला. “माझी आई करायची त्याचं पुडिंग. चाळीस वर्षांत कुणी मागितलं नाही.”

पण लगेच दिला नाही. त्याचा नियम पक्का होता: वासराला पहिल्याच धारेचा चीक, जन्मल्यापासून दोन तासांत, तीन लिटर. ते झाल्याशिवाय थेंब नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “शहाणा माणूस आहे. आपल्याकडंपण वासराचं पोट आधी.” आणि मग तिनं विचारलं ते मला सुचलंही नसतं: गाईला औषध दिलंय का? गाई आटवताना सडांत प्रतिजैविकं सोडतात, ती चिकात उतरू शकतात. शेतकऱ्याला विचारलं तर त्यानं टोपी मागं सारून माझ्याकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. म्हणाला, युरोपचे नियम २०२२ पासून कडक झालेत, सरसकट औषध देता येत नाही. त्याच्या निम्म्या गाईंना फक्त सडाचं तोंड बंद करणारं सील लावलेलं आहे. अशाच एका गाईचा, दुसऱ्या धारेचा, तो देईल. झाडं कापणाऱ्या मुलाचं वाक्य आठवून मी वासराबद्दल विचारलं. कालवड होती. ती राहणार. “आणि गोऱ्हा असता तर?” तो काही वेळ बोलला नाही. “काही मांसासाठी जातात,” म्हणाला. “ते बरं वाटतं असं कुणी सांगू नये.” हे मी शनिवारी जेवणाच्या आधी सगळ्यांना सांगितलं, जसंच्या तसं, कारण त्या मुलानं तेवढंच मागितलं होतं.

गुरुवारी रात्री नऊला शेतकऱ्याचा फोन आला आणि आम्ही कोकच्या दोन लिटरच्या बाटलीत चीक घेऊन आलो. पिवळा, हळद घातल्यासारखा. दाट. लेक म्हणाली, पेंट आहे का?

ज्यांनी खरवस फक्त विकत आणून खाल्लाय त्यांना सांगते: चीक कितव्या धारेचा आणि किती दाट यावर सगळं असतं, आणि कृती वाचून ते कळत नाही. म्हणून आधी चाचणीची वाटी. पाव वाटी चीक, चमचाभर गूळ, वाटी झाकून वाफवली दहा-बारा मिनिटं. चमचा रोवला तर रबर. आईला व्हिडिओवर वाटी दाखवली. “किती दूध घातलंस?” “नाही घातलं.” “मग?” आईचं ‘मग?’ साताठ हजार किलोमीटरवरूनही लागतं. दुसरी वाटी, निम्मं दूध: बरी, पण अजून कडक. तिसरी वाटी चिकाच्या बरोबरीनं दूध: थरथरली, पण उभी राहिली. हेच. शुक्रवारी संध्याकाळी चीक गाळून, तेवढंच दूध, किसलेला गूळ, वेलची, जायफळ, केशराच्या चार काड्या, दोन डबे भरून कुकरमध्ये, शिट्टी काढून. डबे मोठे, म्हणून चाळीस मिनिटं. कच्चं दूध असल्यामुळे मध्यापर्यंत कडकडीत वाफ पोचलीच पाहिजे, तिथे ‘जरा ओलसरच छान लागतो’ असली हौस करायची नाही. सुरी घालून पाहिली, कोरडी आली.

त्याच संध्याकाळी मुलांनी ब्रिजिडचे क्रॉस विणले. ते लव्हाळ्याचे करतात, आणि लव्हाळी कापत नाहीत, उपटतात. मैदानाकडेच्या ओढ्यावर आम्ही ती आणायला गेलो तेव्हा वाटेत तीन मोठी झाडं आडवी पडलेली, आणि ओढ्यात लव्हाळी जशीच्या तशी उभी. शाळेत पाठ केलेलं असं पुढ्यात आलं की काय बोलावं? नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडे बघितलं फक्त. लेकीला समजावून सांगायला बरंच लांबचं सांगावं लागलं असतं.

रात्री खिडकीबाहेर ब्रिजिडचं ताट ठेवायचं असतं. तिच्यासाठी भाकरतुकडा, तिच्या पांढऱ्या गाईसाठी पेंढीभर चारा. मला वाटलं, हे सगळ्यात सोपं, पानात वाढलं तेच नैवेद्याला. शेजारीण म्हणाली, थांब. ब्रॅक नको, मनुका कुत्र्यांना विषारी. झुणका नको, कांद्याच्या जातीचं कुठल्याच जनावराला नको. दूध नको, साळिंदरासारख्या त्या छोट्या हेजहॉगना ते बाधतं. देवीला वाढलेलं रात्री कोण खातं हे तिला नीट माहीत होतं. मग मिठाशिवाय ओटची छोटी चानकी भाजली, त्यावर नखभर लोणी. आणि चाऱ्याऐवजी उरलेली लव्हाळी.

शनिवारी पंगत झाली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी अर्धा वेळ भाकऱ्या थापत होते. सहा संपल्या की सहा. सीलिॲकवाल्या बाई शेगडीजवळ उभ्या राहून भाकरी फुगताना बघत होत्या आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होत्या, मला लाजल्यासारखं झालं. झुणका सगळ्यात आधी संपला. केल्टिक गृहस्थांनी तो तीनदा घेतला. आजींनी कढी सूप समजून कपातून प्यायली आणि अजून मागितली. संक्रांतीच्या डब्यातले उरलेले तिळाचे लाडू मी असेच ठेवले होते, यादीत ‘बिया’ होत्याच म्हणून. ते मुलांनी खाल्ले, दुसरं काहीही न खाता. झाडं कापणाऱ्या मुलानं रेपसीड तेलाचं कोलकॅनन घेतलं आणि खरवसाकडे बघून मान हलवली, नको. पण वासराचं ऐकून घेतल्यावर तो टेबलावरून उठला नाही, हे मी पाहिलं.

खरवस कापला तेव्हा पाच वाजत आले होते आणि बाहेर अजून उजेड होता. डिसेंबरात याच घरात चारला दिवे लावावे लागायचे. शेतकरी उशिरा आला, बूट दारात काढून. त्यानं एक फोड खाल्ली, मग दुसरी. “आई साखर घालायची,” एवढंच म्हणाला. “आणि वेलची नव्हती.” तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. तिसरी फोड त्यानं रुमालात बांधून घेतली.

सकाळी खिडकीबाहेरची चानकी गेलेली होती. लव्हाळी तिथेच. लेकीच्या मते ब्रिजिड येऊन गेली, गाय आली नाही.

मंगळवारी रथसप्तमी होती. मागच्या अंगणात कॅम्पिंगच्या शेगडीवर छोट्या बोळक्यात दूध उतू घातलं, पूर्वेकडे. उन्हाची एक तिरीप तेवढी होती. शेजारणीनं कुंपणाच्या तुटक्या फळीतून डोकावून विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “आमचं.” ती ताडपत्री सोडून इकडे आली आणि दूध शेगडीवरून खाली ओघळेपर्यंत शेजारी उभी राहिली.

कोकची बाटली परत द्यायची होती. इथे तिच्यावर पंचवीस सेंटची अनामत असते, पण ते कारण नव्हतं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे हातातच बसलंय. फ्रिजमध्ये ताक होतं, जिरं-मीठ घालून बाटली भरली आणि शेजारणीच्या हाती पाठवली. संध्याकाळी शेतकऱ्याचा निरोप आला: “मिळालं. हे मी प्यायचं की वासराला द्यायचं?”